बायझंटाइन स्तोत्रगायन आणि इंग्रजी शब्द

अमेरिकेतील ग्रीक वस्तीच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासनेस गेले, तर वेदीच्या उजव्या बाजूस एका उंच ठवणीपुढे दोघेतिघे गायक उभे असलेले दिसतात. त्यांच्यापुढील पोथीत पाश्चात्त्य संगीताच्या पाच रेघा नसतात; ओळीच्या ओळी स्वल्पविरामांसारख्या वळणदार चिन्हांनी भरलेल्या असतात आणि त्या चिन्हांखाली शब्द असतात. मुख्य गायक बहुधा वृद्ध असतो. तो गातो ती भाषा ग्रीक, आणि तीही आजची बोली नव्हे, तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची. शेजारचा गायक एकच स्वर लांबवून धरतो. समोरच्या बाकांवर नातवंडे बसलेली असतात. त्यांचा जन्म शिकागोत किंवा बॉस्टनमध्ये झालेला. त्यांचे शिक्षण इंग्रजीत, खेळणे-भांडणे इंग्रजीत. आजोबांचे सूर त्यांना ओळखीचे वाटतात. शब्द मात्र मुळीच उमगत नाहीत.

अशा कुटुंबांपुढे पुष्कळ काळ दोनच वाटा होत्या. सूर आपले ठेवावयाचे आणि अर्थ सोडून द्यावयाचा, ही एक. किंवा अर्थ इंग्रजीतून घ्यावयाचा आणि त्यासाठी ऑर्गनच्या साथीवरील पाश्चात्त्य चाल पत्करावयाची, ही दुसरी. ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी वाट गेल्या काही दशकांत काही गायकांनी धरली आहे. इंग्रजी शब्दांसाठी जुन्या बायझंटाइन पद्धतीनेच नवी चाल रचावयाची, ही ती वाट होय. यात एवढे अवघड काय, असे कोणीही विचारील. चाल तयार आहे, भाषांतर तयार आहे. एकावर दुसरे बसविले की झाले! परंतु घोडे नेमके तेथेच अडते, आणि ते का अडते हे कळण्यासाठी ह्या संगीताची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

बायझंटाइन गायन एकसुरी आहे. म्हणजे अनेक गायक असले तरी चाल एकच. त्यात वाद्य नाही. आधारास 'इसोन' नावाचा जो स्थिर स्वर धरलेला असतो, त्याचे काम आपल्याकडील तंबोऱ्याच्या षड्जासारखे असते. फरक इतकाच की चाल दुसऱ्या स्वरावर विसावू लागली म्हणजे इसोनही आपली जागा बदलतो. 'एखोस' नावाचे आठ मूळ प्रकार आहेत. एखोस म्हणजे नुसती स्वरांची पायरी नव्हे. कोणत्या स्वरावर आरंभ करावा, कोठे थांबावे, कोणत्या स्वराभोवती घोटाळावे, हे सारे त्यात येते. रागाची कल्पना ज्यांस आहे त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. सा, रे, ग ह्यांच्या जागी पा, वू, गा, दी, के, झो, नी अशी स्वरनामे आहेत. ग्रीक वर्णमालेतील पहिली सात अक्षरे क्रमाने त्यांत गुंफलेली आहेत. 'पा', 'गा', 'नी' ही नावे ऐकून आपला माणूस क्षणभर चकतो खरा, पण ते साम्य केवळ योगायोगाचे होय.

स्वरांमधील अंतरेही पियानोची नव्हेत. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षपीठाने १८८१ साली नेमलेल्या समितीने सप्तकाचे ७२ सूक्ष्म भाग कल्पिले आणि साध्या वर्गातील स्वरांची अंतरे १२, १० व ८ भागांची ठरविली. पियानोवर सारे लहान-मोठे अंतर सहाच्या किंवा बाराच्या हिशेबाने येते. दहा आणि आठ त्यावर वाजतच नाहीत. १९४० पासून पुढे कित्येक वर्षे नभोवाणीवर पेटीला मज्जाव होता, तो ज्या कारणांनी, त्यांतलेच एक कारण येथेही लागू पडते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील ग्रीक चर्चमध्ये ऑर्गन आणि चार निरनिराळ्या स्वरपट्ट्यांत गाणारा गायकवृंद शिरला, तेव्हा जुन्या गायकांना हे संगीत पुढे चालले असे वाटण्याऐवजी संपत आले असे वाटले. त्यांची ती भीती अनाठायी नव्हती.

आता मुख्य मुद्दा. ह्या परंपरेत चाल रचणारा मनास येईल तशी स्वररचना करीत नाही. प्रत्येक एखोसात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले लहान-लहान स्वरखंड आहेत. काही आरंभाचे, काही मधल्या विरामाचे, काही समाप्तीचे. संगीतकार ते निवडतो आणि जोडतो. परंतु निवड करतो ती शब्दांवरील आघात पाहून. अमुक स्वरखंड अमुक अक्षरसंख्येचा, त्यातील तिसऱ्या अक्षरावर आघात. असा त्याचा साचाच असतो. आघाताच्या अक्षरावर स्वर वर चढतो आणि पुढे उतरतो. लिपीसुद्धा ह्या नियमाने बांधलेली आहे. एक स्वर वर जाण्यासाठी अनेक चिन्हे आहेत. त्यांपैकी 'पेटास्टी' हे चिन्ह आघाताच्या अशा अक्षरावर घालतात की ज्याच्या पुढे चाल खाली यावयाची असते. शुद्धलेखनाच्या चुका जशा शाळेत काढतात, तशा ह्या चिन्हांच्याही चुका जाणते गायक काढतात.

मराठी कानाला ही आघाताची गोष्ट थोडी परकी वाटते, कारण आपले वृत्त लघु-गुरूंवर चालते. परंतु इंग्रजी शिकलेल्या घरांत तिची ओळख आहेच. 'रेकॉर्ड' हाच शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिला म्हणजे नाम होतो आणि दुसऱ्यावर दिला म्हणजे क्रियापद. जोर चुकला की ऐकणारा गोंधळतो. ग्रीकमध्येही तसेच, आणि ग्रीक स्तोत्रांचे सारे पद्यशास्त्र ह्या आघातावरच उभे आहे. हे पाश्चात्त्य पंडितांना फार उशिरा कळले. ही स्तोत्रे गद्यच आहेत असा त्यांचा समज होता. फ्रेंच विद्वान झां-बाप्तिस्त पित्रा हे १८५९ साली सेंट पीटर्सबर्गला असताना त्यांना एका हस्तलिखितात ओळींच्या मध्येच तांबडे ठिपके आढळले. त्यांनी अक्षरे मोजली, तेव्हा प्रत्येक कडव्यात ठिपके ठरावीक अक्षरांनंतरच येतात असे दिसून आले. पहिल्या कडव्याची अक्षरसंख्या आणि आघातांची स्थाने पुढची कडवी बिनचूक पाळतात. नवी स्तोत्रे जुन्या, सर्वांस पाठ असलेल्या स्तोत्राच्या मापाने रचावयाची आणि त्याच चालीत गावयाची, असा हा प्रघात. अशा स्तोत्रांना 'प्रोसोमोइया' म्हणतात आणि मस्तकी मूळ स्तोत्राचे पहिले शब्द लिहितात. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या पदाचा आरंभ छापीत असत, त्याचीच ही ग्रीक बहीण म्हणावयाची.

आता ह्या नाजूक यंत्रात इंग्रजी शब्द घालून पाहावे. ग्रीकमध्ये प्रभूला 'कीरिओस' म्हणतात. तीन अक्षरे, पहिल्यावर आघात. इंग्रजीत 'लॉर्ड', एकच अक्षर. मृत्यूला 'थानातोस', तीन अक्षरे. इंग्रजीत 'डेथ', पुन्हा एकच. पुनरुत्थानाला 'अनास्तासिस', चार अक्षरे आणि आघात दुसऱ्यावर. इंग्रजी 'रेझरेक्शन' हीही चारच अक्षरे, म्हणून आनंद व्हावा, तर आघात तिसऱ्यावर. येशूच्या मातेला 'थेओटोकोस' हे नाव आहे. चार अक्षरे, आघात तिसऱ्यावर. त्याचे 'मदर ऑफ गॉड' केले तर अक्षरे चारच राहतात, पण जोर पहिल्यावर आणि शेवटच्यावर जातो. तिसरे अक्षर, जेथे चाल सर्वांत उंच गेलेली असते, तेथे 'ऑफ' हे बिचारे शब्दयोगी अव्यय येऊन बसते. आकाशाला 'ऊरानोस', आघात अगदी शेवटी. इंग्रजी 'हेवन', आघात अगदी आरंभी. ग्रीक चाल जशीच्या तशी ठेवून हे शब्द गाइले, तर 'हेवन'मधील 'वन' हे अक्षर छपराला भिडते आणि ऐकणाऱ्या इंग्रज माणसाला हसू आवरत नाही. उपासनेत हसू येणे यापरता मोठा दोष स्तोत्राला दुसरा नाही.

शब्दक्रमाची अडचण आणखी वेगळी. ग्रीक भाषा प्रत्ययांनी बांधलेली असल्यामुळे तेथे शब्द पुढेमागे करता येतात. कवी महत्त्वाचा शब्द ओळीच्या शेवटी राखून ठेवतो. इंग्रजी वाक्याला कर्ता, क्रियापद, कर्म ही रांग सोडता येत नाही. इकडे संगीतकार तर शब्दाच्या अर्थाप्रमाणे स्वर फिरवीत असतो: स्वर्गारोहणाचा शब्द आला की चाल चढते, पाताळाचा आला की खालच्या स्वरांत बुडी मारते. भाषांतरात तो शब्द तीन शब्द अलीकडे सरकला, तर चाल बुडी मारते तेव्हा तोंडात भलताच शब्द असतो.

ह्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग असा, की चाल अचल धरावयाची आणि भाषांतरच तिच्या मापाने कापावयाचे. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथील रूपांतरण मठाने प्रोसोमोइयांची इंग्रजी भाषांतरे मोठ्या प्रमाणावर अशी केली आहेत. अक्षरे मोजून, आघात जुळवून. काम अत्यंत कष्टाचे, आणि त्याचे फळही आहे: एकदा मूळ चाल पाठ झाली की तिच्यावर शेकडो स्तोत्रे पोथी उघडून तात्काळ गाता येतात. पण माप भरण्यासाठी विशेषणे घालावी लागतात, वाक्ये उलटीसुलटी करावी लागतात. आपल्याकडे चालीवर पद रचणारे कवी 'बहु', 'अति', 'खचित' ह्यांची पाचर जेथे तेथे मारीत, त्याची आठवण येते. जॉन मेसन नील ह्या इंग्रज पाद्रीने १८६२ साली पौर्वात्य चर्चच्या स्तोत्रांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याची गोष्ट निराळी. त्याने ग्रीक काव्याचा गाभा घेऊन तो इंग्रजी यमकबद्ध छंदांत ओतला. ती गीते इंग्रजी चर्चमध्ये लोकप्रिय झाली, आजही गाइली जातात. मात्र पाश्चात्त्य चालींवर. ग्रीक संगीताचा त्यांत लेशही उरला नाही.

आपल्याकडील पंथांतरित कवींनीही प्रायः हाच न्याय वापरला. इंग्रज जेसुइट थॉमस स्टीफन्स याचे १६१६ साली छापलेले 'क्रिस्तपुराण' ओवीत आहे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली भजने व अभंग देशी वळणावरच रचले. परक्या भाषेतील भाव घेतला आणि परक्या चाली सोडून दिल्या, हे त्यांनी उत्तम केले. मग ऑर्थोडॉक्स पंथाच्या लोकांनी तसेच का करू नये? कारण त्यांच्याकडे एखोस हा उपासनेच्या पंचांगाचा भाग आहे. दर आठवड्याचा एखोस ठरलेला. आठ आठवड्यांनी चक्र पूर्ण होऊन पुन्हा पहिला येतो. अमुक रविवार 'तिसऱ्याचा' आहे, असे तेथे बोलतात. आठ एखोस टाकावयाचे म्हणजे पंचांगातून तिथी काढून टाकण्यासारखे होईल.

म्हणून उरतो दुसरा मार्ग: भाषांतर अर्थाला प्रामाणिक आणि वाचावयास सरळ असे ठेवावयाचे, आणि चाल त्याच एखोसात, त्याच जुन्या स्वरखंडांतून, नव्याने रचावयाची. हे काम करणारा प्रथम इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक आघातावर खूण करतो. मग वाक्याचे तुकडे पाडतो. स्वल्पविराम आहे तेथे अपुरा विराम, वाक्य संपते तेथे पुरा विराम, स्तोत्र संपते तेथे समाप्तीचा विराम. उदाहरणार्थ, पहिल्या एखोसातील जलद शैलीत 'पा' हे घर आणि त्याच्या वरचा चौथा स्वर 'दी' ही वाटेतील धर्मशाळा. कोणता तुकडा कोठे उतरावयाचा हे अर्थावरून ठरते. त्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या आघातांचा साचा घेऊन, त्याच साच्यावर जुन्या ग्रीक आचार्यांनी काय केले आहे, हे तो धुंडाळतो. १७७८ साली मरण पावलेल्या पेलोपोनेसच्या पेत्रोसची पुस्तके येथे प्रमाण मानतात. तसा साचा सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला, तर जवळचा स्वरखंड घेऊन एखादे अक्षर वाढवावे किंवा गाळावे लागते, आणि कौशल्य पणास लागते ते येथे.

सर्वांत त्रास होतो ओळीच्या शेवटी. ग्रीक शब्दाचा आघात शेवटच्या तीन अक्षरांपैकीच कोठेतरी असतो. त्यामुळे विरामाचे स्वरखंडही तीन जातींचे आहेत, आणि तिन्ही आलटूनपालटून आल्यामुळे चालीला विविधता येते. इंग्रजीत वाक्य संपते ते फार वेळा 'गॉड', 'लॉर्ड', 'डेथ', 'लाइट', 'वर्ल्ड', 'सोल' अशा जोरदार एकाक्षरी शब्दावर. मग शेवटच्या अक्षरावर आघात असलेली एकच जात पुन्हापुन्हा वापरावी लागते, आणि चांगल्या स्तोत्राला घण मारल्यासारखी लय येते. ह्यावर उपाय भाषांतरकाराच्या हाती आहे, संगीतकाराच्या नव्हे. 'मर्सी', 'ग्लोरी', 'सेव्हियर' असे उतरते शब्द त्याने ओळीअखेर आणले तर दोन जाती तरी खेळत्या राहतात. परंतु भाषांतर करणारा बहुधा गाणारा नसतो. तो ओळ कागदावर पाहतो. ती कोणाच्या तरी गळ्यातून निघावयाची आहे हे त्याच्या गावीही नसते. दोघे एका टेबलाशी बसले तर निम्मे तंटे मिटतील.

हे सारे इंग्रजीतच प्रथम घडत आहे असे मात्र नाही. सहाव्या शतकातील थोर स्तोत्रकार रोमानोस हा मूळचा सीरियातील एमेसाचा. त्याच्या ग्रीक काव्यप्रकारावर सिरियाक कवितेची छाप असल्याचे विद्वान दाखवितात. स्लाव लोकांनी नवव्या शतकापासून ग्रीक स्तोत्रे आपल्या भाषेत नेली. त्या भाषांतरांत अक्षरांचे माप टिकले नाही, आणि रशियात कालांतराने निराळेच गायन तयार झाले. रुमानियन लोकांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १८१४ साली क्रिसांथोस, ग्रेगोरिओस आणि खूर्मूझिओस ह्या तिघांनी कॉन्स्टँटिनोपलला स्वरलिपी सुधारून सोपी केली. अवघ्या नऊ वर्षांनी, १८२३ साली, भिक्षू माकारिये याने त्याच लिपीची रुमानियन स्तोत्रगायनाची तीन पुस्तके व्हिएन्नात छापून आणली. त्याने आणि त्याच्यामागून आंतोन पान याने ग्रीक चाली रुमानियन आघातांप्रमाणे पुन्हा बांधल्या. आज रुमानियातील खेडूत ते गाणे आपल्या बापजाद्यांचे म्हणूनच गातो. अरबीत हेच काम मित्री अल-मुर्र यांनी विसाव्या शतकात केले. अरबी उजवीकडून डावीकडे लिहावयाची, म्हणून त्या पुस्तकांत स्वरचिन्हेही उजवीकडून डावीकडे चालतात!

इंग्रजीला हा मार्ग सापडण्यास वेळ लागला, कारण तेथे शब्दच स्थिर नव्हते आणि अद्यापि नाहीत. १९०६ साली इझाबेल हॅपगूड या विदुषीने मुख्यतः स्लाव पोथ्यांवरून इंग्रजी उपासनाग्रंथ सिद्ध केला. १९३८ साली सिरियन परंपरेतील नसर यांचा जाडजूड प्रार्थनाग्रंथ निघाला. १९६९ साली मदर मेरी आणि कॅलिस्टॉस वेअर यांचे सणांच्या स्तोत्रांचे भाषांतर आले. कोणी ईश्वराला जुन्या वळणाने 'दाउ' म्हणतो, कोणी 'यू'. कोणी 'थेओटोकोस' तसाच ठेवतो, कोणी त्याचा अर्थ देतो. वाचणाऱ्याला ह्या फरकाचे काही वाटत नाही. गाणाऱ्याचे मात्र एका अक्षराने सारे काम फुकट जाते. बेसिल काझान यांनी अँटिओकी महाधर्मप्रांतासाठी पाच रेघांच्या लिपीत वर्षभराची स्तोत्रे इंग्रजीत बसविली, ती त्या महाधर्मप्रांताच्या मजकुरावर; तीच दुसऱ्या बिशपच्या चर्चमध्ये नेली तर शब्द जुळत नाहीत. रुमानियन माकारियेच्या हाती एकच मान्य पाठ होता. इंग्रजी संगीतकाराला आधी कोणत्या पाठासाठी आयुष्य वेचावयाचे ते ठरवावे लागते, आणि पुढे तो पाठच कोणी सुधारला तर गप्प बसावे लागते. ह्या कामातील खरे दुःख हे आहे. स्वरांची अडचण अभ्यासाने सुटते. ही सुटत नाही.

तरीही काम चालू आहे. अ‍ॅरिझोनातील फ्लॉरेन्स गावाजवळ १९९५ साली स्थापन झालेल्या संत अँथनी मठातील भिक्षूंनी जुन्या आचार्यांच्या ग्रंथांतून स्वरखंड वेचून त्यांची आघातांच्या साच्यांप्रमाणे वर्गवारी केली आहे आणि तिच्या आधारे हजारो पाने इंग्रजी स्तोत्रे बांधली आहेत. तीच चाल एकदा जुन्या चिन्हांत आणि एकदा पाच रेघांत, अशी दोन्ही लिप्यांत ते देतात. पाच रेघांवरून गाणाऱ्याला स्वर मिळतात, पण स्वरांमधील ती १० आणि ८ भागांची अंतरे मिळत नाहीत, आणि पेटास्टीचा तो किंचित फडफडणारा उच्चारही नाही. ते कोणाजवळ तरी बसून ऐकावे लागते. कोठे कोठे असेही घडते की नात इंग्रजी ओळ घेऊन आजोबांच्या ठवणीशी उभी राहते, आणि ज्यांना इंग्रजी जेमतेम येते असे आजोबा तिला, आघात कोणत्या अक्षरावर, हे विचारून मग चाल सांगतात.

ईस्टरच्या मध्यरात्री अँटिओकी परंपरेच्या अमेरिकन चर्चमधून पुनरुत्थानाचे एक लहानसे स्तोत्र ग्रीकमध्ये, अरबीत आणि इंग्रजीत पाळीपाळीने पुन्हापुन्हा गातात. एखोस एकच, इसोन एकच. कान देऊन ऐकणाऱ्यास कळते की तिन्ही वेळा चाल तंतोतंत एक नाही. आघाताप्रमाणे स्वर थोडे पुढेमागे सरकलेले आहेत. हातात मेणबत्त्या घेतलेल्या लोकांपैकी बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाही. सारे तीच चाल म्हणून गात असतात.